फणसेकाका आणि तोंडी स्पर्धा

फणसेकाकांना कोणी 'हॅलो' म्हटलेलं खपत नसे. त्यांच्या मते तो शब्द टेलिफोनवाल्यांचा, आणि टेलिफोन ही वस्तू ज्यांना धीर नाही अशा लोकांसाठी काढलेली. घरातला फोन वाजला की काकू उचलत. काका खुर्चीतून मान वर न करता विचारत, कोण आहे आणि त्याला एवढी कसली घाई आहे.

अंबरनाथ पूर्वेला कानसईत एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर ते राहत. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात विजेचं काम बघून निवृत्त झालेले. इमारत ओळखायची खूण म्हणजे गच्चीवर ताणलेल्या तारा. त्यांवर कपडे वाळत नसत, आणि शेजारणींचा मुख्य आक्षेप तोच होता. काका हौशी रेडिओवाले, म्हणजे हॅम. सरकारची परीक्षा देऊन परवाना काढायचा, घरात स्वतःचा ट्रान्समीटर बसवायचा आणि आपल्यासारखाच दुसरा कोणी कुठे बसला असेल त्याच्याशी हवेतून संपर्क साधायचा, असा हा छंद. त्यात पैसा नाही, नाव नाही, आणि घरचे वैतागतात ते वेगळंच. अंबरनाथमध्ये आम्ही असे मूठभर लोक होतो. आमचा एक क्लब होता आणि त्या क्लबाची मी चिटणीस होते, कारण निवडणुकीच्या सभेला मी उशिरा पोचले होते. स्टेशनजवळ माझी रक्त तपासायची छोटी लॅब आहे, मला नवरा आहे, नाव आहे, आडनाव आहे. पण काकांनी मला शेवटपर्यंत 'चिटणीस' याशिवाय दुसरी हाक मारली नाही.

हॅम लोकांत दोन पंथ. एक माइकवर बोलणारा आणि दुसरा मोर्सवाला, म्हणजे टिंब आणि रेघ यांच्या पिप-पीपमध्ये बोलणारा. काका दुसऱ्या पंथाचे नुसते अनुयायी नव्हते, मठाधिपती होते. बोलायला काय, पोपटही बोलतो, हे त्यांचं लाडकं वाक्य. कोणी हवेत जरा जास्त वेळ गप्पा मारल्या की म्हणत, "आकाश सगळ्यांचं आहे, थुंकू नका." मिळालेल्या निरोपाला पोच म्हणून मोर्समध्ये 'आर' हे अक्षर पाठवतात. काका घरातही 'हो' म्हणायच्या जागी 'आर' म्हणत. पहिली मुलगी झाली तेव्हा हॉस्पिटलातून काकूंचा भाऊ धावत सांगायला गेला, तर हे म्हणाले 'आर', असं काकू अजून सांगतात. सांगताना हसतात, पण त्या वेळी हसल्या नसाव्यात.

त्यांच्या दारावर नावाची पाटी नव्हती. त्या जागी पुठ्ठ्यावर स्वच्छ अक्षरात एक सूचना होती, की बेल आपापल्या अक्षरात वाजवावी. म्हणजे येणाऱ्या प्रत्येकाला काकांनी मोर्समधलं एक अक्षर नेमून दिलेलं. दूधवाल्या भोईरला 'डी', एक लांब आणि दोन आखूड. भोईर खोणी गावचा, हुशार माणूस. त्याने पहिल्याच आठवड्यात ते घोटवलं आणि मग सगळ्या इमारतीत तशीच बेल मारू लागला. गॅसवाल्याने मात्र सहकार्य केलं नाही. तो बोट दाबून धरायचा आणि वर नावाने हाकही मारायचा. पुण्याचे जावई पहिल्या दिवाळसणाला आले तेव्हा साध्या माणसासारखी बेल वाजवून मिठाईचा खोका सांभाळत उभे राहिले. आत काका शांतपणे सांगत होते की कोणीतरी अनोळखी आहे. शेवटी काकूंनी पिठाचे हात तसेच घेऊन दार उघडलं. जावयांनी पुढे आपलं अक्षर पाठ केलं, पण तेवढं एकच. त्या घराशी त्यांचा संबंध त्या एका अक्षरापुरताच राहिला असं मला कधीकधी वाटतं.

इमारतीत दरवर्षी सत्यनारायण असे. एका वर्षी गुरुजी कथा सांगत होते आणि मध्येच लाउडस्पीकरमधून खर्र, खर्र असा आवाज येऊ लागला. सगळ्यांनी एकदम वर तिसऱ्या मजल्याकडे पाहिलं. काकांचा कुठल्यातरी परदेशी माणसाशी संपर्क चालू होता आणि त्यांचा ट्रान्समीटर मंडपातल्या वायरीत शिरला होता. सोसायटीचे सेक्रेटरी जिना चढून वर गेले. काका लगेच खाली आले, रागावले नाहीत, वाद घातला नाही. लोखंडी भुकटीचं एक काळं कडं आणून त्याभोवती स्पीकरची वायर गुंडाळली आणि आवाज थांबवला. मग गुरुजींपुढे हात जोडून म्हणाले, तिसऱ्या अध्यायात अडथळा होता, तो नीट पोचला नसणार, तेवढा परत पाठवा. गुरुजींनी तिसरा अध्याय पुन्हा वाचला. प्रसादाला उशीर झाला म्हणून लोक काकांवर चिडले, अडथळ्यासाठी कोणी चिडलं नव्हतं.

या गोष्टी मी सांगते तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं, विक्षिप्त माणूस. होतेच. पण नियम हा त्यांचा विक्षिप्तपणा नव्हता, तो त्यांचा स्वभाव होता, आणि तो कधीकधी फार पुढे जायचा. एका पावसाळ्यात उल्हास नदीचं पाणी बदलापुरात शिरलं आणि तिकडचे फोन बंद पडले. बदलापूरच्या क्लबाच्या कदमबाई एका शाळेत विज्ञान शिकवतात. त्या आपल्या सेटवरून माइकवर अडकलेल्या लोकांचे निरोप सांगत होत्या आणि इकडे काका ते लिहून घेत होते. तेव्हा काका अजून माइकवर बोलत असत. सोनिवलीकडच्या एका शाळेच्या वरच्या मजल्यावर अडकलेल्या माणसाला अंबरनाथला बायकोला कळवायचं होतं की मी बरा आहे, आई बरोबर आहे, काळजी करू नको. काकांनी कदमबाईंना निरोपाचे शब्द मोजून द्यायला सांगितले. वर म्हणाले, 'काळजी करू नको' यात माहिती नाही, गाळतो. कदमबाई हवेत जे बोलल्या ते शाळेत बोलत नसाव्यात.

मग काका छत्री घेऊन गुडघाभर पाण्यातून बुवापाड्याला त्या बाईकडे स्वतः गेले. तासाभराने परत आले, ओलेचिंब, आणि सेटवर बसून कदमबाईंना म्हणाले, निरोप पोचवला, पण माझ्याकडून एक चूक झाली आहे. मूळ मजकुरात नसलेले शब्द मी बोललो. ती बाई रडत होती, म्हणून 'काळजी करू नका' असं तोंडातून गेलं. तुमच्या नोंदीत तसं लिहा. कदमबाई सांगतात, त्या दिवसापासून त्या काकांना घाबरतही होत्या आणि त्यांच्यासाठी कोणाशी भांडायलाही तयार होत्या.

काकांचे खरे प्रतिस्पर्धी उल्हासनगरचे तलरेजा. कॅम्प तीनमध्ये त्यांचं पंखे-मिक्सर दुरुस्तीचं आणि रेडिओच्या सुट्या भागांचं दुकान. ते त्यांच्या क्लबाचे अध्यक्षही होते. काका त्यांना नावाने ओळखत नसत, 'कॅम्प तीन' म्हणत. रोज संध्याकाळी दुकानात गर्दी ओसरली की तलरेजा मोर्सवर येत आणि मग दोघांचं चाले. तलरेजांची रेघ आखूड पडते, टिंब आणि रेघ यांत फरकच राहत नाही, गिऱ्हाईक निघून चाललंय अशा घाईत हा माणूस मोर्स पाठवतो, ही काकांची तक्रार. फणसे साब इतके हळू पाठवतात की मधल्या वेळात मी एक पंखा बांधून देतो, ही तलरेजांची. इतकी वर्षं रोज बोलणारी ही माणसं समोरासमोर वर्षातून एकदाच भेटत, स्पर्धेच्या निकालाला.

ही स्पर्धा म्हणजे आमच्या तीन क्लबांची. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर. थंडीतल्या एका रविवारी सकाळी सुरू होई आणि दुपारी संपे. प्रत्येक क्लबाने आपापल्या गच्चीवरून नाहीतर टेकडीवरून जास्तीत जास्त स्टेशनांशी संपर्क करायचा. संपर्क म्हणजे गप्पा नव्हेत. आपला अनुक्रमांक आणि गाव सांगायचं, त्याचा अनुक्रमांक आणि गाव लिहून घ्यायचं, पुढे जायचं. आकडा चुकीचा लिहिला की तो संपर्क बाद. कल्याण, शहाड, वांगणीचे सुटे हॅमही या दिवशी सेट लावून बसत आणि तिन्ही क्लबांना आकडे वाटत. प्रत्येक क्लबाचे तीन जण, प्रत्येकाने एक पाळी एकट्याने करायची, पाळीत दुसऱ्याने मदत करायची नाही, आणि एक जरी कमी पडला तर क्लब बाद. बक्षीस म्हणजे लाकडी ठोकळ्यावर बसवलेला, जुन्या रेडिओतला काचेचा एक निकामी व्हॉल्व्ह. तो आलटून पालटून अंबरनाथ आणि उल्हासनगरकडे राही. बदलापूरकर कायम तिसरे. त्यामुळे निकालाच्या दिवशी नाश्ता त्यांच्याकडे आणि त्यांची वडा-उसळ आता इतकी चांगली होऊ लागली होती की त्यांनी जिंकू नये असं सगळ्यांना वाटे.

त्या वर्षी कदमबाईंनी ठराव मांडला की स्पर्धा फक्त तोंडी घ्यावी. नवीन मुलांना मोर्स येत नाही, परीक्षेत ते पूर्वीसारखं सक्तीचं राहिलेलं नाही, ती मुलं नुसती बघत बसतात. बोलणं योग्य होतं. काका उभे राहिले आणि असे काही बोलले की मला चिटणीस म्हणून खाली मान घालावी लागली. म्हणाले, मग पुढच्या वर्षी व्हॉट्सॲपवर घ्या, म्हणजे सेटही नको. ठराव मंजूर झाला. नियम लिहिला गेला, मोर्सचा संपर्क धरला जाणार नाही. काका सही करून निघून गेले.

मी ते मठाधिपतींचं रुसणं समजून सोडून दिलं. दोन दिवसांनी समजूत काढायला घरी गेले, माझ्या अक्षरात बेल वाजवली, तर काका बाहेर गेलेले. काकूंनी चहा टाकला आणि ओट्याशीच उभं राहून सांगितलं.

"त्यांना माणसांचं बोलणं ऐकू येत नाही गं. चार वर्षं झाली असतील. आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं, बोलण्यातले बारीक आवाज गळून जातात म्हणे. समोर माणूस असला की ओठ बघून निभावतात. शिट्टीसारखा एका सुरातला आवाज मात्र येतो. मोर्स येतं."

मी म्हटलं, यंत्र मिळतं कानाचं. काकूंनी फ्रिजवरच्या डबीकडे बोट दाखवलं. ते आणलं होतं, पण हेडफोन लावला की ते कानात कुईं करतं, म्हणून डबीत गेलं. खरं कारण काकूंनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मग मला एकेक गोष्ट उलगडत गेली. माइकवर बोलणं त्यांनी कधी सोडलं, पोपटाचं वाक्य कधीपासून सुरू झालं. आम्ही त्याला अहंकार समजत होतो आणि काकांनी आम्हाला तसं समजू दिलं होतं.

"ते म्हणालेत," काकू म्हणाल्या, "या वेळी पाळी जमली नाही तर परवाना परत करायचा आणि सेट तुमच्या क्लबाला देऊन टाकायचा. बोललेत म्हणजे करतील. आणि मग दिवसभर घरात करणार काय हा माणूस?"

काकांना पाळीतून सोडवायची सोय नव्हती. परवाना असलेले आणि त्या रविवारी मोकळे असे आम्ही तिघंच होतो, मी, समीर नावाचा आमचा एक मेकॅनिक आणि काका. मी काकांकडे विषय काढला नाही. काकूंनी शपथ घातली होती.

स्पर्धेच्या दिवशी काका इस्त्रीचा बुशशर्ट घालून, दोन्ही टोकांना तासलेली पेन्सिल घेऊन गच्चीवर आले. मी पहिली पाळी केली, समीरने दुसरी. आमचं बरं चाललं होतं. मग काका बसले. हेडफोन लावला, स्पीकरही चालू ठेवला, सेटच्या आवाजाची कळ पूर्ण फिरवली आणि माइक उचलून हाक दिली. त्यांचा आवाज अजून खणखणीत होता. इतकी वर्षं न वापरता ठेवलेला आवाज, सुरकुतीही नव्हती.

लगेच उत्तर आलं, शहाडचं कोणीतरी. स्पष्ट आवाज, आकडा, गाव. काका म्हणाले, पुन्हा सांगा. त्याने पुन्हा सांगितलं. काका म्हणाले, पुन्हा सांगा. तिसऱ्यांदा सांगून तो माणूस थांबला आणि निघून गेला. दुसरा आला, तोही गेला. बदलापूरच्या क्लबातला एक मुलगा आला, त्याने अगदी शाळेत म्हणतात तसा एकेक आकडा सुटा करून म्हटला. काकांनी पेन्सिल कागदावर टेकवली आणि उचलली. कागद कोरा. गच्चीवर बोलणारा सेट एवढा मोठ्याने ओरडत होता की खालच्या मजल्यावरच्या लोकांनाही ते आकडे ऐकू येत असतील. ऐकू येत नव्हते ते फक्त काकांना. मी बाजूला उभी होते, आकडे मला पाठ होत होते, आणि नियमाप्रमाणे मला तोंड उघडायचं नव्हतं. उघडलं असतं तर काकांनीच मला बाद ठरवलं असतं.

हळूहळू हाका येणं बंद झालं. काकांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि त्याची वायर नीट गुंडाळायला लागले. मी तोंड फिरवलं. मला ते बघायचं नव्हतं.

तेवढ्यात तलरेजांचा आवाज आला. फणसे साब, उल्हासनगर. आकडा. काकांना बहुधा नुसता आवाजाचा बाज ओळखू आला. त्यांनी माइक घेतला आणि म्हणाले, कॅम्प तीन, पुन्हा सांगा. तलरेजांनी पुन्हा सांगितलं. काका म्हणाले, पुन्हा सांगा.

थोडा वेळ नुसती खरखर. आणि मग शिट्टी आली. तोंडाने वाजवलेली, जरा दमलेल्या माणसाची. आखूड, आखूड, लांब. मी मोर्समध्ये कच्ची आहे, पण तो आकडा होता एवढं मलाही कळलं. काकांचा हात गुंडाळलेल्या वायरीवर होता तो तसाच थांबला. पेन्सिल कागदावर आली. त्यांनी आकडा लिहिला, गाव लिहिलं, आणि आपला आकडा खणखणीत आवाजात सांगून म्हणाले, "आर."

बाकीचे ऐकत होते. या छंदात सगळे सगळ्यांचं ऐकतच असतात. दोन मिनिटांत शहाडचा तो पहिला माणूस परत आला आणि त्याने शिट्टी वाजवली. मग कल्याणचे एक गुरांचे डॉक्टर. वांगणीच्या शेतघरावर बसलेल्या एका गृहस्थांना शिट्टी येत नव्हती. त्यांनी माइक स्कूटरपाशी नेला आणि हॉर्न दाबून आकडा दिला. काकांनी तोही घेतला, फक्त रेघ जरा लांबवा असं सुचवलं. एक बाई बहुधा कुकरवर प्रयत्न करत होत्या, तो मात्र लागला नाही. पाळी संपेपर्यंत कागद भरला होता. बदलापूरच्या मुलांचे आकडे तेवढे नव्हते, कारण त्यांना मोर्स येत नव्हतं, आणि शिट्टी वाजवून फक्त शिट्टीच वाजली असती.

काका उठले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. त्यांनी मला सांगितलं की गच्चीवर धूळ फार आहे, सोसायटीकडे तक्रार करा.

नंतर मी तलरेजांना विचारलं, तुम्हाला कसं कळलं. ते दुकानात एका मिक्सरचं भांडं उघडून बसले होते. म्हणाले, "रोज सुनता हूँ मैं उनको, बाई. उस दिन पहली बार लगा, साब मला ऐकत नाहीयेत. मुझे बुरा लगा. बस." आणि मग घाईने म्हणाले, हे क्लबात बोलू नका, माझे लोक म्हणतील अध्यक्षाने दुसऱ्या क्लबाला पॉइंट दिले.

निकाल पुढच्या रविवारी कदमबाईंच्या घरी बदलापुरात होता. वडा-उसळ मांडलेली. कदमबाईंनी तिन्ही क्लबांचे कागद एकमेकांशी ताडून बघितले होते. त्यांनी निकाल वाचला. अंबरनाथ पहिलं, उल्हासनगर अगदी थोडक्यात दुसरं, बदलापूर तिसरं. आम्ही टाळ्या वाजवल्या. शिट्ट्यांबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. तसं सगळ्यांचं न बोलता ठरलेलं होतं.

काकांना निकाल काकूंनी बोटांनी खुणा करून सांगितला. काका उभे राहिले.

"माझी हरकत आहे," ते म्हणाले. "अंबरनाथच्या तिसऱ्या पाळीतले सगळे संपर्क मोर्सचे आहेत. नियमात बसत नाहीत. कापा."

समीरने कपाळावर हात मारला. कदमबाई म्हणाल्या, मोर्स ठोकायची कळ वापरली नव्हती, शिट्टी होती, शिट्टी तोंडानेच वाजवतात, स्पर्धा तोंडीच होती. त्यांनी हे सगळं आधीच ठरवून ठेवलेलं दिसत होतं. काकूंनी वहीच्या मागच्या पानावर ते मोठ्या अक्षरांत लिहून काकांपुढे धरलं. काकांनी वाचलं आणि मान हलवली. मग खोलीकडे न बघता, समोरच्या भिंतीकडे बघत ते बोलले.

"बाई, मी ते बोलण्यावरून घेतले नाहीत. बोलणं मला ऐकू येत नाही. बरीच वर्षं झाली. शिट्टी ऐकू येते. म्हणून ते मोर्स आहे. नियम तुम्हीच केला, आता घाबरता कशाला?"

काकू खाली बघत होत्या. इतकी वर्षं जी गोष्ट काकांनी जावयाला, शेजाऱ्यांना, आम्हाला कळू दिली नव्हती, ती त्यांनी व्हॉल्व्ह बसवलेल्या एका ठोकळ्यासाठी चारचौघांत सांगितली होती. तीही ठोकळा मिळवण्यासाठी नाही, घालवण्यासाठी. मला त्यांचा राग आला, हसू आलं आणि त्यांना जाऊन मिठी मारावीशी वाटली. मी चिटणीस होते, त्यामुळे यातलं काहीच केलं नाही.

तलरेजा उठले. "काटो फिर," ते म्हणाले. "मेरा भी काटो. माझी पण शिट्टी होती ना त्यात. त्या तासात मी अजून पण लोकांना शिट्टीत नंबर दिले, जोश में आ गया था. सब काटो." त्यांच्या क्लबातल्या दोघांनी त्यांचा शर्ट मागून ओढला. त्यांनी ओढू दिला.

कदमबाई लाल तोंडाने पुन्हा बेरजा करत बसल्या. अंबरनाथ तिसरं आलं, उल्हासनगर दुसरं. ज्यांना मोर्स येत नव्हतं आणि म्हणून शिट्टीत आकडे देता आले नव्हते ते बदलापूरकर जन्मात पहिल्यांदा जिंकले. त्यांची मुलं आधी गोंधळली, मग नाचली. पुढच्या वर्षी वडा-उसळ कोण करणार हा प्रश्न तेवढा सगळ्यांना पडला. काका मात्र जिंकलेल्या माणसासारखे दोन प्लेट खाऊन मोकळे झाले.

पुढच्या वर्षीच्या स्पर्धेला काका नव्हते. थंडीच्या आधीच ते गेले, झोपेत, फार त्रास न होता. निकालानंतर मी त्यांना आणखी दोन-चारदा भेटले असेन. पण माझ्या मनात त्यांचं शेवटचं दर्शन म्हणून राहिलं आहे ते त्या दुपारचंच, कदमबाईंच्या फाटकाबाहेरचं.

रिक्षा आली होती. काकू आत बसल्या. काका एक पाय आत टाकून थांबले आणि मला म्हणाले, "चिटणीस, परवान्याचं नूतनीकरण आलंय माझं. काय काय कागद लागतात ते विचारून ठेवा." मी मोठ्याने हो म्हटलं. मग लक्षात येऊन नुसती मान हलवली. आत काकूंनी पदराने चष्मा पुसायला घेतला होता.

तलरेजा रस्त्याच्या पलीकडे आपल्या स्कूटरला किक मारत होते. काकांनी त्यांना हात केला. आमच्यात निरोप घेताना मोर्समध्ये 'त्र्याहत्तर' म्हणतात, म्हणजे शुभेच्छा, येतो आता. तलरेजांनी स्कूटर बंद केली. काकांनी ओठांचा चंबू केला आणि शिट्टी वाजवायला गेले. पण त्यांची कवळी होती. वाजली नाही. नुसती हवा निघत होती, ओठांतून फुस्स, फुस्स, आणि गाल फुगत होते, लांब, लांब, आखूड. त्यांना स्वतःला ती शिट्टी ऐकू येते आहे की नाही हे सांगता येणार नाही. त्यांनी मात्र घाई केली नाही. एकेक रेघ पुरती लांब, एकेक टिंब आखूड, सगळं नियमाप्रमाणे शेवटपर्यंत पाठवलं.

तलरेजा रस्त्यापलीकडून त्यांच्या गालांकडे एकटक बघत उभे होते. काकांचं पाठवून झाल्यावर ते मोठ्याने म्हणाले, "आर." मग त्यांना आठवलं आणि त्यांनी तेच शिट्टीत वाजवलं. काका समाधानाने रिक्षात बसले.

रिक्षा बऱ्याच पुढे जाईपर्यंत तलरेजांनी स्कूटर सुरू केली नाही.